मदत हवी आहे: बुडालेली उधारी पुस्तकातून कशी काढायची? (हार्डवेअर दुकान, जीएसटी, टॅली)

नमस्कार. कराडजवळ आमचं प्लंबिंग-इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गल्ला सासरे (अण्णा) बघतात, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) माझ्याकडे. विक्री निम्मी रोखीत, निम्मी कॉन्ट्रॅक्टर लोकांना उधारीवर.

त्यातल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे २,३६,००० अडकलेत. ऑक्टोबर २०२३ ची बिलं, मूळ माल २,५०,००० आणि १८ टक्क्यांनी जीएसटी ४५,०००. जानेवारी २०२४ मध्ये त्याने ५९,००० चा चेक दिला, तो वटला. त्यानंतर "साइटचं पेमेंट आलं की देतो" एवढंच. आता फोनही उचलत नाही. त्या बिलांचा जीएसटी आम्ही तेव्हाच भरलाय आणि विक्री उत्पन्नात धरून आयकरही भरलाय.

माझे प्रश्न:
१. रक्कम बुडीत दाखवायला कोर्टाचा कागद लागतो का?
२. एंट्री नक्की कोणती? क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढून जीएसटी परत मिळेल का?
३. अण्णांचं म्हणणं, खात्यावर काट मारली म्हणजे उधारी सोडली, उद्या तो दारात आला तरी मागता येणार नाही. हे खरं का?

आमचं ऑडिट होतं. सीए साहेब मार्चच्या गडबडीत "बघू" म्हणाले, म्हणून आधी इथे विचारतेय.

तेरीज
तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण घरातलं भांडण तेच दिसतंय. अण्णांना सांगा, बुडीत लिहिणं ही आपल्या वहीतली नोंद आहे. त्याला माफीपत्र देत नाही आपण. वसुलीचा हक्क तसाच राहतो. पुढे पैसे आले तर त्या वर्षी ते उत्पन्नात दाखवायचे (१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ४१(४)). टॅलीत 'बुडीत कर्ज वसुली' असं लेजर (खातं) अप्रत्यक्ष उत्पन्नाखाली उघडा. आलेली रक्कम पार्टीच्या खात्यावर टाकू नका, तिथे उगाच जमा बाकी दिसेल.

कोर्टाचा कागद लागत नाही. १ एप्रिल १९८९ पासून त्याच कायद्याच्या कलम ३६(१)(सात) मध्ये बदल झाला. कर्ज खरंच बुडालं हे सिद्ध करायची गरज उरली नाही, त्या वर्षीच्या हिशेबात ते निर्लेखित केलेलं (बुडीत म्हणून काढून टाकलेलं) असलं की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात हेच सांगितलं. अट एकच, ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्नात धरलेली हवी. तुमची आहे.

एंट्री: ३१ मार्चच्या तारखेने जर्नल, बुडीत कर्ज खाते नावे, पार्टीचे खाते जमा. नुसती संशयित कर्जाची तरतूद करून थांबलात तर ताळेबंद प्रामाणिक दिसेल, पण आयकरात वजावट मिळणार नाही. त्यासाठी पार्टीचं येणं प्रत्यक्ष कमी झालं पाहिजे.

खतावणी७
क्रेडिट नोटचा विचार डोक्यातून काढा. जीएसटीच्या कलम ३४ मध्ये माल परत आला, दर किंवा कर जास्त लागला, माल कमी प्रतीचा निघाला अशी कारणं आहेत. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले हे कारण त्यात नाही. भरलेला कर गेला. मला हा कायद्यातला सरळ अन्याय वाटतो. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराने त्या कराचं घेतलेलं क्रेडिट (आपल्या करातली वजावट) व्याजासह उलटवायचं, म्हणजे सरकार त्याच्याकडूनही घेणार आणि तुमचंही ठेवणार!

पण हाच नियम वसुलीला वापरता येतो. पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकून बघा. नोंदणी चालू असेल आणि रिटर्न भरत असेल, तर वकिलाच्या नोटिशीत हा मुद्दा घाला. नुसत्या फोनपेक्षा लवकर हलतात लोक.

तुमच्या बाकीत २,००,००० माल आणि ३६,००० कर आहे. कराचा भाग विक्रीत धरलेला नव्हता, त्यामुळे बरेच सीए तो वेगळा, व्यापारी तोटा म्हणून दाखवतात. एकाच एंट्रीत दोन लेजर करून ठेवा, ऑडिटला सोपं पडेल.

पानसुपारी
माझं छोटं दुकान आहे, आयकर ४४एडी मध्ये (उलाढालीवर ठराविक टक्के नफा धरून) भरतो. मलाही बुडीत घेता येईल ना?

तेरीज
नाही. उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवलात की सगळा खर्च त्यातच वजा झाला असं धरतात. वेगळी वजावट नाही.

धागाकर्ती
खूप आभार! अण्णांना तिसऱ्याचं उत्तर वाचून दाखवलं. "मग लिही," म्हणाले, पण तोंड अजून वाकडंच आहे. अजून एक, दावा लावायला मुदत किती? आणि आमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम लागू होईल का?

खतावणी७
मालाच्या पैशाला ३ वर्षं. तुमच्याकडे जानेवारी २०२४ चा चेक आहे, त्यावर सही त्याची, त्यामुळे मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजतात. जानेवारी २०२७ च्या आत दावा हवा. त्याआधी त्याने बाकी मान्य असल्याची सही दिली तर आणखी ३ वर्षं मिळतात. अण्णांची ओळख असेल तर त्यांनाच सहीसाठी पाठवा.

उद्यमचं म्हणाल तर, जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना नोंदणी मिळते, पण फायदा फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता. उशिरा पेमेंटचा नियम नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

आणि दुकानाची सीसी लिमिट (बँकेची कॅश क्रेडिट कर्जमर्यादा) असेल तर बँकेला देता त्या स्टॉक स्टेटमेंटमधल्या येणेकऱ्यांच्या यादीतूनही हे नाव काढा. बहुतेक बँका ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी ड्रॉइंग पॉवरला (किती रक्कम उचलता येईल त्या हिशेबाला) धरतच नाहीत, त्यामुळे तुमचं नुकसान काही होणार नाही.