वासिली खुर्ची: नाव नंतरचं, नळी आधीची

एकांनी लिहिलंय की वासिली खुर्ची, म्हणजे वाकवलेल्या पोलादी नळ्यांवर पट्ट्या ताणलेली खुर्ची, डिझायनर मार्सेल ब्रॉयरने चित्रकार वासिली कांदिन्स्कीसाठी घडवली. तसं नाही. बाउहाउस या जर्मनीतल्या कला-डिझाइन शाळेत १९२५-२६ च्या सुमारास ती झाली तेव्हा तिचं नाव नुसतं 'बी ३' होतं. कांदिन्स्की तिथेच शिकवत होता, त्याला ती फार आवडली, म्हणून ब्रॉयरने एक त्याच्यासाठी करून दिली. 'वासिली' हे नाव लागलं थेट साठच्या दशकात, इटलीत गाविना या फर्निचर बनवणाऱ्याने ती पुन्हा बाजारात आणली तेव्हा.

मला खरं अप्रूप आहे ते नळीचं. सायकलचं वळवलेलं हँडल बघून ब्रॉयरला सुचलं की हीच पोलादी नळी घरातल्या सामानालाही चालेल. पोकळ म्हणून हलकी, आणि बिनजोडाची म्हणून वाकवली तरी उकलत नाही.

या खुर्चीत कधी बसायला मिळालं तर लक्ष द्या: पाठ, मांड्या, कोपरं, सगळं ताणलेल्या पट्ट्यांवर टेकतं. थंडगार पोलादावर अंगाचा भार येतच नाही. आज चामड्याच्या पट्ट्या दिसतात, पण बाउहाउसच्या काळात त्या कापडाच्या होत्या. आयझेनगार्न, म्हणजे मेण आणि खळ देऊन चकचकीत, चिवट केलेला सुती दोरा. तिथल्या विणकाम विभागात मार्गारेटा रायखार्टने या कापडावर मोठं काम केलं, आणि खुर्चीच्या कौतुकात तिचं नाव गळतं याचं मला वाईट वाटतं.

नळीचीच, पण मागचे पाय नसलेली खुर्ची मात्र वेगळी. तिथे आधी डच वास्तुविशारद मार्ट स्टामचं नाव घ्यायला हवं. त्याने पहिली गॅसच्या नळ्या जोडून केली होती.