शब्दचर्चा : 'रातवा' म्हणजे नेमका कोण?

येळ्ळूरहून : आमच्याकडे रात्री माळावर जे ओरडेल ते 'रातवा'. परवा राजहंसगडाच्या वाटेवर टिटवी ओरडली, तरी आमची आजी म्हणाली, "रातवा ओरडालाय, ऐकू येतोय खरं दिसत नाही." मग रातीचा कुठलाही पक्षी तो रातवा, असा अर्थ घ्यायचा का?

खानापूरहून : नको. टिटवी दिवसाही ओरडते, पिंगळा तर संध्याकाळपासूनच तारेवर बसलेला असतो. रातवा म्हणजे इंग्रजीतला नाइटजार. वाळल्या पाचोळ्याच्या रंगाचा, पाय पडायची वेळ येईपर्यंत जागचा हलत नाही. आजीला आवाजावरून सांगा : फरशीवर गोटी टाकली की टप्पे जवळजवळ येत जातात ना, तसं 'चुक्-चुक्-चुकुर्र'. एकदा ऐकलं की टिटवीशी घोटाळा होत नाही.

शब्दाकडे बघा. 'पारवा' संस्कृत 'पारावत'वरून आला, तिथला 'वा' मुळातलाच. 'गारवा', 'गोडवा' यांत मात्र तो प्रत्यय आहे आणि त्यातून गुण कळतो. रातव्यात रात सरळ दिसते, पण नाव गुणाचं नाही, पाखराचं. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात कसला आरोप नाही. त्याचं लॅटिन शास्त्रीय नाव 'कॅप्रिमल्गस' म्हणजे शेळ्यांचं दूध काढणारा. बिचारा कळपाभोवतीचे किडे टिपायला येतो, दुधाशी त्याचा काही संबंध नाही! साइक्स या इंग्रज लष्करी अधिकारी-पक्षिअभ्यासकाने 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तीत एका रातव्याला 'महराट्टेन्सिस', म्हणजे मराठी मुलखातला, असं नाव दिलं. ती जात आपल्याकडे हिवाळ्यातच येते.

चिक्कोडीहून : बघायचा कुठे?

खानापूरहून : तुमच्याकडे, गोकाक-सौंदत्तीकडे खडकाळ मुरमाड माळ आहेत, तिथे साधा रातवा. जांबोटी-भीमगडकडे झाडी दाट, तिथे जंगली रातवा. दिवस मावळल्यावर अर्ध्या तासात कच्च्या वाटेने सावकाश जा. गाडीच्या उजेडात वाटेवरच दोन लाल डोळे चमकतात. उन्हाळ्यात मात्र माळावर गाडी घालू नका, हात जोडून सांगतो. तो घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो, ती चाकाखाली जातात.

निपाणीहून : अनेकवचन 'रातवे', सामान्यरूप 'रातव्या-'. 'रातवाला' लिहिलेलं दिसतं, ते चूक, 'रातव्याला' लिहा.