सगळ्या मशीनना एकच /यूएसआर/लोकल, की प्रत्येकीवर पॅकेज?

रूटकर:
रेड हॅट ८, रेड हॅट ९ आणि डेबियन १२ अशा लिनक्सची सरमिसळ असलेल्या संस्थेत एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वाटून घ्यायची सोय) एकच /यूएसआर/लोकल (स्वतः बांधलेलं सॉफ्टवेअर ठेवायची डिरेक्टरी) सगळ्यांना माउंट करून, म्हणजे जोडून, द्यायची पद्धत आता मोडीत काढावी, असं माझं ठाम मत आहे.

मुख्य अडचण ग्लिबसीची, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या सी लायब्ररीची. रेड हॅट ८ वर ती २.२८ आहे, ९ वर २.३४. ९ वर बांधलेला चार ओळींचा सी प्रोग्रामसुद्धा ८ वर उठत नाही, कारण मेनला हाक मारणाऱ्या स्टार्टअप फंक्शनचीच आवृत्ती २.३४ मध्ये बदलली. शिवाय /यूएसआर/लोकल/बिन पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत, पुढे असतं. सर्व्हर बसला की साधा एलएससुद्धा आधी तिथे शोधला जातो आणि टर्मिनल लटकतं. आणि कुठल्या प्रोग्रामच्या पोटात ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीची कोणती आवृत्ती आहे, हे आरपीएमच्या (रेड हॅटच्या पॅकेज व्यवस्थेच्या) यादीत दिसतच नाही.

त्यापेक्षा मॉक हे साधन वापरून स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या डिरेक्टरीत) आरपीएम पॅकेजं बांधा, जीपीजीने डिजिटल सही करा, पॅकेजांची सूची बनवायला क्रिएटरेपो चालवा, अंतर्गत वेब सर्व्हरवर ठेवा. डेबियनच्या पॅकेजांसाठी असंच रेप्रेप्रो आहेच. आधी पाच मशीनवर, आठवड्याने बाकीच्यांवर.

शेलवाला:
ग्लिबसीचं मान्य, पण तो प्रश्न वेगळ्या डिरेक्टरी-झाडांनी सुटतो. प्रत्येक ओएसचं झाड वेगळं ठेवा आणि ज्या मशीनवर जे लागेल ते ऑटोमाउंटने (गरज पडताच आपोआप) जोडा, तेही रीड-ओन्ली.

चाळीस सॉफ्टवेअर गुणिले तीन ओएस म्हणजे एकशेवीस पॅकेजं. ती लिहिणार कोण आणि सांभाळणार कोण? त्यापेक्षा जीएनयू स्टो वापरा: ते प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या डिरेक्टरीत ठेवून /यूएसआर/लोकलमध्ये त्याच्या सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) घालतं. त्याला फक्त पर्ल लागतं. ईमॅक्स २९.४ हा एडिटर असेल तर प्रीफिक्स (प्रोग्रामला सांगितलेली त्याची जागा) /यूएसआर/लोकल ठेवून कंपाइल करायचं, इन्स्टॉल मात्र /यूएसआर/लोकल/स्टो/ईमॅक्स-२९.४ मध्ये. आधी स्टो -एन -व्ही ही नुसती रंगीत तालीम चालवून दोन पॅकेजांची एकाच फाइलवरून टक्कर होते का बघायचं, मगच खऱ्या सिमलिंक घालायच्या. टक्कर बहुतेक वेळा शेअर/इन्फोमधल्या डिर फाइलवर होते, कारण प्रत्येक जीएनयू पॅकेज ती स्वतःची आणतं. ती पॅकेजमधून उडवा. मागे फिरायचं तर स्टो -डी (कॅपिटल डी) ने नव्या आवृत्तीच्या सिमलिंक काढा, जुनीवर पुन्हा स्टो चालवा, आणि एका झाडावरच्या सगळ्या मशीन एकदम जुन्या आवृत्तीवर.

रूटकर:
एकदम, हीच तर भीती! एनएफएस व्ही३ च्या सर्व्हरला कुठल्या क्लायंटवर कोणती फाइल उघडी आहे ते ठाऊक नसतं. तुम्ही सर्व्हरवर जुनी डिरेक्टरी पुसलीत, की तिथून चालू असलेल्या प्रोग्रामला पुढचं पान मेमरीत आणताना स्टेल फाइल हँडल (फाइल आता नाही, अशी चूक) मिळतो आणि तो प्रोग्राम सिगबस हा घातक सिग्नल खाऊन पडतो. रात्रभर चाललेलं गणित गेलं. लोकल डिस्कवर असं होत नाही, पुसलेल्या फाइलचा आयनोड (डिस्कवरची तिची मूळ नोंद) शेवटचा वापर संपेपर्यंत जिवंत राहतो.

शेलवाला:
म्हणूनच पुसायचं नसतं. सिमलिंक नव्या आवृत्तीकडे वळवायच्या आणि जुनी डिरेक्टरी महिनाभर तशीच ठेवायची. डिस्क स्वस्त आहे. उलट एकाच नावाच्या आरपीएमच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवा म्हटलं तर सहसा नावातच आवृत्ती घालावी लागते. संशोधकाला दोन वर्षांपूर्वीचाच ऑक्टेव्ह (गणिताचा प्रोग्राम) हवा असतो, त्याला काय सांगणार?

निळावंती:
दोघांनाही विनंती, एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सगळ्या प्रोग्रामना सांगणारं सेटिंग) कुणाच्याही प्रोफाइलमध्ये घालू नका. तुमच्या झाडातली लायब्ररी मग सिस्टीमचा कर्लसुद्धा उचलतो आणि आवृत्ती जुळली नाही की पडतो. लिंक करतानाच आरपाथ, म्हणजे त्या एका प्रोग्रामपुरता लायब्ररीचा पत्ता, द्या.

रूटकर, तुमच्या पॅकेजचं नाव डिस्ट्रोच्या पॅकेजसारखंच असेल, तर डिस्ट्रोची आवृत्ती पुढे गेली की पुढच्या अपडेटमध्ये तुमचं बांधकाम गायब. नावापुढे संस्थेचा उपसर्ग लावा, इन्स्टॉल /ऑप्टमध्ये करा.

आणि राहिला प्रश्न जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा, तर संस्थेच्या स्वतःच्या मशीनवर प्रती टाकणं हे वितरण धरलं जात नाही, असं ते लायसन्स लिहिणारी एफएसएफच (फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) सांगते. बाहेरच्या कंपनीला प्रत दिली की सोर्सची जबाबदारी आली. त्यामुळे सोर्सचा टारबॉल, त्याचा शा-२५६ (फाइल बदलली नाही हे तपासायचा ठसा) आणि पॅचेस पहिल्या दिवसापासून जपा. पाच वर्षांनी शोधायला गेलात तर मूळ साइटवर ते असतीलच असं नाही.

रूटकर:
उपसर्गाचं पटलं. पण ऑक्टेव्हसाठी मी नावात आवृत्ती घालेन, एनएफएस नाही आणणार.