कातळावरचं सोलार, मीटर 70 मीटर लांब: वायरिंग कसं आखावं?

सडेकर

रत्नागिरी तालुक्यात गावी कौलारू घर आहे. वासे जुने, दक्षिणेला फणस आणि दोन हापूसची कलमं, म्हणजे छपराचा विचारच नको. घरामागे सड्यावर उघडा कातळ आहे, तिथे स्टँड उभारून 545 वॉटची 10 पॅनल लावायची म्हणतोय. 5 किलोवॉट, सिंगल फेज, ऑन-ग्रिड (म्हणजे सरकारी लाईनला जोडलेलं), नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं). स्टँडपासून मीटरपर्यंत दोरी धरून मोजलं तर 70 मीटर. मध्ये गडगा (दगडी कुंपण) आणि पाणंद, पाणंदीतून आता टेम्पो जातो.

कोटेशन देणारा म्हणतो, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) पॅनलखालीच पत्र्याच्या पेटीत ठेवू, तिथून 6 स्क्वेअर एमएमची एसी केबल घरात आणू, अर्थिंग एक पुरे. कातळ फोडायचे पैसे वेगळे सांगतोय. हे बरोबर आहे का?

तारमास्तर

पेटीचं आधी सांगतो. वैशाखात पत्र्याच्या पेटीत इन्व्हर्टर म्हणजे भट्टी. गरम झाला की तो स्वतःच पॉवर कमी करतो. तो पडवीत, मीटरजवळ, सावलीत लावा आणि लांबचा पल्ला डीसीने गाठा.

आता हिशोब. 10 पॅनल सिरीजमध्ये घेतलीत तर चालू असताना साधारण 415 व्होल्ट आणि 13 अँपिअर. जाऊन-येऊन वायर 140 मीटर. 6 स्क्वेअर एमएमची सोलार डीसी वायर टाकली तर सहा-सव्वासहा व्होल्ट पडतात, म्हणजे दीड टक्का. 4 ची टाकली तर सव्वादोन टक्के. 6 च घ्या, 70 मीटरला पैशांत फार फरक पडत नाही.

तीच लांबी एसीने नेलीत तर 230 व्होल्टला 22 अँपिअर. तांब्याच्या 6 स्क्वेअर एमएममध्ये साडेनऊ व्होल्ट जातात, चार टक्क्यांच्या वर. तेही एक वेळ सोसलं असतं, पण वीज ग्रिडमध्ये ढकलायची तर इन्व्हर्टरला आपल्या बाजूला तेवढं व्होल्टेज वर चढवावं लागतं. दुपारी गावात लोड नसतो, मीटरवर 245 दिसतात, त्यात हे साडेनऊ मिळवा. नियमाची मर्यादा 110 टक्के, म्हणजे 253. ऐन उन्हात इन्व्हर्टर ट्रिप होत राहील आणि तुम्ही पॅनलला शिव्या घालत बसाल.

लोड नसताना 10 पॅनलचे 495 व्होल्ट होतात, थंडीच्या सकाळी 510 च्या आसपास. इन्व्हर्टरची डीसी मर्यादा 600 ची बघा.

डीसीला एसीचा एमसीबी लावू देऊ नका. डीसीचा आर्क सहज विझत नाही, एमसीबी जळतो. स्टँडजवळ डीसी आयसोलेटर (वायर तोडणारा स्विच), घराशी दुसरा. 10 मीटरहून लांब वायर आहे, तर एसपीडी, म्हणजे विजेचा अचानक झटका जमिनीत सोडणारं उपकरण, दोन्ही टोकांना. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरात वीज कशी कडाडते ते तुम्हाला मी काय सांगू! प्लस आणि मायनस एकाच पाईपातून, शेजारी-शेजारी न्या. दोघांत मोकळी जागा सोडली की जवळ वीज पडल्यावर तिथे जास्त व्होल्टेज उठतं.

अर्थिंग एक चालणार नाही. स्टँड आणि डीसी, एसी, वीजरोधक (आकाशातली वीज झेलणारा), अशी तीन. आणि कातळात भोक पाडून सळई ठोकली म्हणजे अर्थिंग झालं नाही. खडक कोरडा, रेझिस्टन्स उतरतच नाही. पट्टी खाली बागेतल्या मातीपर्यंत, विहिरीच्या ओलाव्याशी आणा आणि अर्थ टेस्टर लावून रेझिस्टन्स मोजा. वीजरोधकाची पट्टी स्टँडला न टेकवता वेगळी उतरवा.

चर सगळीकडे नको. कातळावर एचडीपीई पाईप ठेवा, दोन्ही बाजूंना चिऱ्यांची ओळ, वर फरशी. पाणंदीत मात्र ब्रेकरने खोबण मारून जीआय पाईप घाला आणि वर काँक्रीट. पाईपात एक जादा दोरी ओढून ठेवा, सगळ्यात खालच्या वळणाला पाणी निघायला भोक ठेवा.

कलमवाली_देवगड

मास्तरांनी माकडं विसरली! आमच्याकडे वानरांनी पॅनलखाली लोंबणाऱ्या वायरींचे झोपाळे केले. वायर रेलच्या आतून घ्या, टाय उन्हाला टिकणारे, काळे. कनेक्टर जमिनीवर लोळू देऊ नका, पावसात पाणी शिरतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोडू नका, बसतात पण सैल राहून तापतात. पाईपाची तोंडं बंद करा, उंदीर आत घरटं करतात.

सडेकर

मास्तर, आभार. कोटेशनवाल्याला 6 ची डीसी वायर आणि तीन अर्थिंग सांगितली, तर म्हणाला, "एवढं कोणी करत नाही." लाईट गेल्यावर पंखे तरी चालतील ना?

तारमास्तर

नाही. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की बंद पडणारच, नाहीतर खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल. पंखे हवे असतील तर बॅटरीवाला हायब्रीड घ्या. पण तो आत्ताच ठरवा, पडवीत त्याची जागा आणि बॅकअपचं वेगळं सर्किट काढावं लागेल.

आणि घरच्यांना दाखवून ठेवा: मेन स्विच पाडला तरी दिवसा त्या पाईपातल्या वायरीत 500 व्होल्ट असतात. गडग्यावर लाल रंगात लिहून टाका. कोटेशनवाला नाही म्हणाला तर दुसरा बघा.