मदत हवी आहे: सेटअप स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की कॉन्फिग फाइल बिघडते

नमस्कार मंडळी,

डेबियन १२ या लिनक्सवर एंजिनएक्स (वेब सर्व्हर), पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि आमची एक सर्व्हिस उभी करणारी बॅश स्क्रिप्ट आता माझ्याकडे आली आहे. कोऱ्या मशीनवर ती नीट चालते. त्याच मशीनवर पुन्हा चालवली की अडते, कारण जागोजागी इको कमांडने कॉन्फिग फाइलच्या शेवटी ओळ जोडली आहे. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ (अपलोडच्या आकाराची मर्यादा) दोनदा पडलं की एंजिनएक्स ‘डायरेक्टिव्ह डुप्लिकेट आहे’ म्हणतं आणि रीस्टार्ट होतच नाही.

जिथे कॉन्फ-डीसारखं, आतल्या फाइल आपोआप वाचल्या जातात असं फोल्डर मिळतं, तिथे मी पॅकेजच्या मूळ फाइलला हात लावत नाही. स्वतःची छोटी फाइल ठेवतो आणि दर वेळी ती अख्खी नव्याने लिहितो. जुनी प्रत बाजूला, नवी जागेवर, मग एंजिनएक्सची कॉन्फिग टेस्ट. नापास झाली तर जुनी परत. तुकडा एकटा तपासता येत नाही, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबलच्या किमती भरायला एन्व्हसब्स्ट ही कमांड आहे. त्याला व्हेरिएबलची यादी द्यावीच लागते, नाहीतर एंजिनएक्सचं स्वतःचं डॉलर-होस्ट हे व्हेरिएबलही ते पुसून टाकतं. आणि आपली फाइल शेवटी वाचली जावी म्हणून नावापुढे ९९ लावलं की काम झालं असंही नाही: सिसकंट्रोलमध्ये (कर्नलची सेटिंग) शेवटी वाचलेली व्हॅल्यू लागू होते, एसएसएचडीमध्ये (रिमोट लॉगिनचा सर्व्हर) बहुतेक सेटिंगची पहिली.

खरं घोडं अडलंय ते पोस्टग्रेसच्या एचबीए फाइलवर, म्हणजे डेटाबेसमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या फाइलवर. तिच्यात दुसरी फाइल इन्क्लुड करायची सोय १६ पासून आली, आमच्याकडे १५ आहे. वरून खाली जाताना जुळणारी पहिली ओळ लागू होते, त्यामुळे आपला ब्लॉक कुठे बसतो यावर कोणाला प्रवेश मिळणार ते ठरतं. शिवाय डीबीए (डेटाबेस सांभाळणारी) मंडळी त्यात हाताने ओळी टाकतात. अख्खी फाइल टेम्प्लेटमधून लिहिली तर त्यांच्या ओळी जातात. सुरुवात-शेवटच्या खुणांमधला ब्लॉक तेवढा बदलला, तर त्याच्या वर कोणी काही लिहिलं की आपला नियम निकामी.

तुम्ही अशा फाइलचा ताबा पूर्णपणे स्क्रिप्टकडे देता का? देत असाल तर हाताने केलेला बदल पुसण्याआधी पकडता कसा? अ‍ॅन्सिबल या ऑटोमेशन टूलमधलं, फाइलमध्ये असा खुणांमधला ब्लॉक ठेवणारं ब्लॉकइनफाइल वापरणाऱ्यांनीही सांगा, जागेचा हा प्रश्न तिथे कसा सोडवता?

आणखी एक. अपग्रेड मध्येच प्रश्न विचारून थांबू नये म्हणून डीपीकेजीला (डेबियनचं पॅकेज बसवणारं टूल) फोर्स-कॉन्फओल्ड हा पर्याय दिलाय. आपण बदललेली फाइल त्यामुळे टिकते, पण पॅकेजमधली त्या फाइलची नवी आवृत्ती नावाला डीपीकेजी-डिस्ट जोडून शेजारी पडून राहते आणि कोणी बघत नाही. अपग्रेडनंतर अशा फाइल शोधून स्क्रिप्ट थांबवावी, की नुसती सूचना पाठवावी?