अनुभव धागा : सोलापूरकरांनो, तुमच्या घरी रेडिओवर काय लागायचं?

बाळीवेसकर : काल शेजारच्या आजोबांनी मोबाइलवर आकाशवाणी लावली आणि ती सुरुवातीची धून कानावर आली. वॉल्टर कॉफमान या प्राग सोडून मुंबईत आलेल्या ज्यू संगीतकाराची ती रचना. मला एकदम आमच्या सकाळी आठवल्या. ६.५५ला 'इयम् आकाशवाणी' म्हणत संस्कृत बातम्या, ७.०५ला पुण्याच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणेंचा आवाज आला की वडिलांचा डबा भरून तयार पाहिजे, असा आईचा हिशोब. तुम्ही पण लिहा.

मागवाल्याचा मुलगा : आमचा पूर्व भाग. मागांच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून खांबाला फळी ठोकून कानाच्या उंचीवर रेडिओ. घरात तेलुगू, विविध भारतीवर हिंदी, बातम्या मराठीत. लाइट गेली की लै आनंद! माग थांबायचे, रेडिओ मात्र सेलवर चालू. हवामहलच्या वेळी लाइट गेली तर अख्खी नाटिका स्पष्ट ऐकू यायची. अप्पा तोवर कंदील पण लावू द्यायचे नाहीत, सगळे अंधारातच बसायचो.

घरकुलची ताई : आई, मावशी दुपारी विड्या वळत ऐकायच्या. श्रुतिकेत रडायचा प्रसंग आला तर डोळे मनगटानं पुसायच्या, बोटांना तंबाखू असायची ना. हात थांबायचे नाहीत. वाचता येत नव्हतं दोघींना, पण नाटकातली पात्रं नात्यातली असल्यासारखी बोलायच्या त्यांच्याबद्दल.. नंतर लिहिते, कुकर लावलाय

मोहोळकर : कांदा. बाजारभाव. बस. आमच्या दादांना बाकी काही ऐकायचं नसायचं 😀

बाळीवेसकर : ताई, मनगटाचं वाचून भरून आलं. सवडीनं लिहा.

सुशीला आजी : टेकाडे भावजी कुणाला आठवतात का? 'पुन्हा प्रपंच' ही रेडिओवरची श्रुतिका. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर आणि प्रभाकर जोशी. मुंबई केंद्र आमच्याकडे खरखरत लागायचं, सेट हातात धरून गोल फिरवावा लागे.

जुना मेकॅनिक : आजी, बरोबर करायच्या तुम्ही. आतमध्ये फेराइटचा दांडा असतो, त्यावर मीडियम वेव्हची कॉइल. दांडा स्टेशनच्या दिशेला आडवा आला की आवाज चांगला, टोक तिकडं झालं की बसतो. आणि दिवस मावळला की लांबची केंद्रं लागतात, कारण दिवसा मीडियम वेव्ह शोषून घेणारा वरच्या हवेतला थर रात्री नाहीसा होतो. गिऱ्हाईकं म्हणायची, तुमच्या हाताला गुण आहे. गुण रात्रीचा ओ.

अक्कलकोटची सून : म्हणूनच रात्री धारवाड एवढं छान लागायचं होय! सासूबाई कन्नड बातम्या ऐकून आम्हाला मराठीत सांगायच्या.

विजापूर रोड : ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला सगळी गल्ली रस्त्यावर. काय झालंय, कुठं झालंय कुणालाच कळेना. एका घरातला ट्रान्झिस्टर कट्ट्यावर आणून ठेवला, भोवती घोळका. भूकंप झालाय, किल्लारीला, हे त्याच्यावरच ऐकलं. त्या बाजूला ज्यांची माणसं दिलेली होती ते तिथूनच स्टँडवर गेले. आजही बातम्यांच्या आधीची शांतता मला सहन होत नाही.

घरकुलची ताई : 🙏 आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर गेलं त्यात.

पंढरीची लेक : आषाढीला आम्ही पंढरपुरातच, तरी गर्दीत आजोबांना देवळापर्यंत नेणं व्हायचं नाही. मग पहाटेची महापूजा रेडिओवर. आजोबा अंघोळ करून, धोतर नेसून रेडिओसमोर हात जोडून उभे.

मोहोळकर : मेकॅनिककाका, दादांच्या सेटची डायलची दोरी तुटलीय. बसवून देता का?

जुना मेकॅनिक : हो की. सेट घेऊन या, सेल काढून आणा. पाझरले असतील तर पट्ट्या गंजतात.

सुशीला आजी : माझा पण आणू का?

जुना मेकॅनिक : आणा ओ आजी. येताना शेंगाचटणी आणा थोडी.