मदत हवी आहे: रहिवासी संघाची नोंदणी कुठे करायची? बँक खातं उघडून देत नाही

खिंडीतला
लोकहो, तातडीने माहिती हवी आहे. आमचा रहिवासी संघ सुरू झालाय, वर्गणी गोळा झालीये, आणि बँक म्हणते नोंदणीचं प्रमाणपत्र आणा. विचारलं तर एक जण म्हणतो उपनिबंधक, दुसरा म्हणतो धर्मादाय आयुक्त. एका सीएने फी सांगितली ती ऐकून वर्गणी तिथेच संपेल असं वाटलं. पैसे सध्या माझ्या कपाटात आहेत आणि लोकांचे पैसे असे घरात ठेवणं मला पटत नाही. दिवाळीच्या आत काम व्हायला हवं. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनीच सांगा. "वकिलाला विचारा" नको.

सदाफुली
गाव कोणतं? सोसायटी की बंगले? आणि "काम" म्हणजे कोणतं?

सेवानिवृत्त
आधी हे सांगा, इमारतीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. बिल्डर सही देत नसेल तरी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्स) अर्ज करता येतो. आमच्याकडे सगळे टाळत होते, मी कागद जमवले आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली. हवी असल्यास कागदपत्रांची यादी देतो.

खिंडीतला
काका, अभिहस्तांतरणाचा इथे संबंध नाही. एका इमारतीचं नाही, अख्ख्या गल्लीचं आहे.
पुणे. गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या जवळ. थोडे जुने बंगले, तीन छोट्या सोसायट्या, बाकी घरांत कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट भाड्याने घेऊन राहणारी मुलं-मुली. आता नोंदणीचं सांगा.

हिशेबनीस
उपनिबंधक सांगणारा आणि धर्मादाय आयुक्त सांगणारा, दोघंही बरोबर सांगतायत, विषय वेगळे आहेत. उपनिबंधक सहकारी सोसायट्यांसाठी, 1960चा सहकार कायदा. तुमच्यासारख्या संघाची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली, धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात होते. किमान सात सभासद लागतात. पण पुढे सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणूनही नोंद करावी लागते. मग दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज. आमच्या मंडळात हा बदल अर्ज वर्षानुवर्षं कोणी दिलाच नाही, आणि नंतर निस्तरताना सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. दरवर्षी हे सांभाळणारं माणूस असेल तरच यात पडा.
आणि खात्यासाठी नोंदणी लागतेच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत नोंदणी नसलेल्या संघटनेचंही खातं उघडायची तरतूद आहे. खातं उघडण्याचा ठराव, संघाच्या नावाचं पॅन, व्यवहार करणाऱ्यांना दिलेला अधिकार आणि त्यांची ओळखपत्रं. काउंटरवर नको, शाखा व्यवस्थापकांना भेटा.

सदाफुली
"काम" कोणतं ते अजून कळलं नाही.

हिरवा कोपरा
कंपोस्टपासून सुरुवात करा, लोक जोडले जातात. नियमांनुसार ओला-सुका कचरा वेगळा देणं बंधनकारकच आहे. आमच्या गल्लीत दोन पिंप, नारळाच्या शेंड्या आणि आंबट ताक, एवढ्यावर सुरू झालं. मेसवाल्यांचा ओला कचरा तर सोनं आहे.

तिसरा मजला
विद्यापीठाजवळ म्हणालात म्हणून सांगतो, पोरांना सभासद करू नका. आमच्याकडे रात्री बारानंतर रस्त्यात केक कापणं, फटाके, गाड्या फाटकासमोर. वर्षभराने ती जातात, नवी येतात. घरमालकांचा संघ करा आणि पहिला ठराव हा करा की बॅचलरना खोल्या द्यायच्या नाहीत.

लातूरहून
मी अशाच एका कॉटवर राहते. भाडं आम्ही देतो, मेस आमच्यावर चालते, झेरॉक्सवाला आमच्यावर चालतो, आणि बैठकीचं बोलावणं फक्त मालकांना, जे स्वतः दुसरीकडे राहतात. भाडेकराराची नोंदणी करणं 1999च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार मालकाचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींकडे करारच नाही. त्याबद्दल ठराव कोण करणार?

तिसरा मजला
ताई, तुमच्याबद्दल म्हणत नव्हतो. पण रात्री दीड वाजता घरात आजारी माणूस असताना ढोल वाजला तर काय करायचं?

लातूरहून
112 ला फोन करायचा. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजावर बंधन आहे, ते मालकालाही आहे आणि भाडेकरूलाही. माझी परीक्षा असते तेव्हा वरच्या मालकांकडे हळदीचा डीजे असतो.

हिशेबनीस
सहकारी सोसायटीत भाडेकरू नाममात्र सभासद होतो, त्याला मत नसतं. गल्लीच्या संघाला तो नियम लागू नाही. सभासद कोण, हे तुम्ही लिहाल त्या नियमावलीवर ठरेल.

खिंडीतला
मग इथेच सांगतो. मुलांना सभासद करायचंय आणि मतासकट. त्यावरून आमच्या पहिल्याच बैठकीत भांडण झालं. इथली निम्म्याहून जास्त माणसं तीच आहेत, त्यांना वगळून संघ कुणाचा?
काम म्हणजे रस्त्यावरचा अंधार. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातून आणि अभ्यासिकांतून मुली रात्री चालत येतात. पदपथ मध्येच संपतो, मग गाड्यांच्या मधून चाला. दोन वेळा पाठलाग झालाय. वर्गणी काढून आम्हीच दिवे लावणार आहोत, म्हणून खातं हवं होतं.

सदाफुली
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं! सार्वजनिक रस्त्यावर स्वतःचे दिवे लावू नका. परवानगी नाही, वीज कुठून घेणार, आणि पावसात कुणाला शॉक बसला तर? मनपाचे खांब आहेत की नाहीत? असतील तर दिवे बंद आहेत की झाकले गेलेत?

खिंडीतला
खांब आहेत. आत्ता जाऊन पाहून आलो. दोन बंद, बाकीचे चालू, पण दिवा फांद्यांच्या वर. सगळा उजेड पानांवर पडतो आणि खाली काळोख.

सदाफुली
मग यासाठी नोंदणी नको, खातंही नको. बंद दिव्यांची तक्रार खांबावरच्या क्रमांकासकट विद्युत विभागाकडे. फांद्यांसाठी उद्यान विभागाकडे वेगळा अर्ज. स्वतः किंवा माणूस लावून छाटू नका, 1975च्या वृक्ष कायद्यात अडकाल. अर्जात "दिवा झाकणाऱ्या फांद्या" एवढंच लिहा. आमच्याकडे "झाडं छाटा" असं मोघम लिहिलं होतं, तर निम्मं झाड नेलं.

हिरवा कोपरा
हे फार महत्त्वाचं. शिवाय खांबावर खालच्या उंचीला दुसरा हात (दिव्याची आडवी दांडी) बसवून मागा, फांद्या वाचतील.

नदीकाठ
अवांतर: 2020 मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला, तेव्हापासून मेट्रो आणि नव्या पुलाच्या कामाने सगळी वाहनं आतल्या गल्ल्यांत शिरली. पदपथ तिथेच गेले. ज्या शहराला चालणारा माणूस दिसत नाही तिथे...

हिशेबनीस
नदीकाठ, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन.
खिंडीतला, पदपथासाठी पुणे मनपाचं नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक आहे, 2006-07 पासून. कोणीही नागरिक काम सुचवू शकतो, एका कामाला पाच लाखांपर्यंतची मर्यादा असते. पदपथ, दिवे, बाक, सगळं बसतं. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात, तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात तारीख विचारा. पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस.

सेवानिवृत्त
पोच घेताना शिक्का आणि आवक क्रमांक दोन्ही तपासा. नुसत्या सहीला अर्थ नाही.

खिंडीतला
हे कोणीच सांगितलं नव्हतं. हिशेबनीस, सदाफुली, मनापासून आभार. वर्गणी प्रत्येकाला पावती घेऊन परत करतो. अर्जावर सह्या मात्र भाडेकरूंच्याही घेणार. मालकाची हरकत असेल तर माझ्याकडे पाठवा.

तिसरा मजला
सह्यांना माझा विरोध नाही. दिवे सगळ्यांनाच लागतात. मताचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

लातूरहून
दादा, तुमची गल्ली आमच्या अभ्यासिकेच्या मागचीच वाटते. आम्ही चौघी रात्री साडेदहाला त्याच रस्त्याने येतो. उद्या खांबांचे क्रमांक टिपून आणतो. झाकलेले दिवे वेगळे लिहू की एकाच यादीत?

खिंडीतला
वेगळे लिहा, विभाग वेगळे आहेत. प्रत्येकाचा फोटो रात्रीचा घ्या, दिवसा घेतला तर अंधार दिसत नाही. आणि एकट्या फिरू नका, आमच्याकडचे दोघं बरोबर येतील.